डावीकडून तिसरी

काय वाचू, असं विचारत
दर मंगळवारी साडेपाचला तारकुंडेबाई येतात.
पायात पांढरे कॅनव्हासचे बूट,
गळ्यात अजून शिट्टीची दोरी असावी
अशी ताठ मान.
कादंबरी नको म्हणतात.
"खोटं ऐकायला घरी टीव्ही आहे.
झालेलं काहीतरी द्या."

झालेलं काहीतरी
आमच्याकडे जिन्याखालच्या तीन कपाटांत आहे.
नारायण पेठेतलं वाचनालय, दुपारी एक ते चार बंद.
तेव्हाही आत ते घडत असावं,
कारण चारला कुलूप काढलं की
आधी धूळ बाहेर येते,
जणू कुणाचं घोडदळ आत्ताच गेलं.

मी आधी इतिहास दिला.
जाडजूड. मोहिमेवरच्या फौजेतल्या
तलवारी सोडून बैल मोजणारा.
किती बैल, किती वैरण,
कुठल्या मुक्कामी कणा मोडला,
सुताराला किती दिले.
आठ दिवसांत परत.
"माणूस खरा आहे," म्हणाल्या,
"लढाई खुरांवर चालते हे त्याला कळलंय.
पण सुताराचं नाव?"
कागदांत नसेल, मी म्हटलं.
"दिले कुणी ते आहे. घेतले कुणी ते नाही."
आणि कार्डावर सही केली,
नेहमीसारखी, पूर्ण, आडनावासकट.

मग सिनेमाचं.
म्हणजे सिनेमाचं नाही, पोस्टर रंगवणाऱ्यांचं.
नायिकेच्या गालाला कुठला गुलाबी,
खलनायकाच्या कपाळावर हिरवा का,
शुक्रवारी नवा चेहरा चढला की
जुन्याचं कापड कुणाच्या टपरीवर जायचं.
परत आलं तेव्हा पान एकशे बाराला बसचं तिकीट होतं.
अलका चौकातलं भलंमोठं होर्डिंग,
खाली शिडी धरून उभा एक मुलगा,
हाफ पँट, वर न बघणारा.
या वेळी बाईंनी विचारलं नाही.
मीच विचारत बसलो, मनात, दोन दिवस.

खेळाचं मुद्दाम मागे ठेवलं होतं.
खो-खोची पन्नास वर्षं, फोटोंसकट.
त्या आनंदतील, एवढाच माझा हिशेब.

पुढच्या मंगळवारी त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं
आणि त्यावर वीस रुपयांची नोट.
"दंड," म्हणाल्या. "पुस्तकात लिहिलंय मी.
शाहण्णव पान."

आठ मुली, एक ढाल, मागे शाळेची भिंत.
खाली छापलेलं : उजवीकडून पहिली इंदुमती लोणकर.
(लोणकर? मी वर पाहिलं.
मान तीच.)
आणि डावीकडून तिसरी : नाव उपलब्ध नाही.
त्याला पेन्सिलची एक रेघ,
समासात बारीक, सरळ अक्षर :

चंपा भोकरे. बाप मंडईत हमाल.
खांबावरून असा सूर मारायची
की पंचांनाही शिट्टी आठवायची नाही.
फायनलला माझे बूट घातलेत.

मी पुन्हा फोटो पाहिला.
उजवीकडून पहिली मुलगी अनवाणी होती.
अंगठा मातीत रुतवून,
हसत.

"पुढे काय झालं तिचं?"
"लग्न झालं म्हणे, लोणंदकडे कुठेतरी. ऐकीव आहे.
म्हणून लिहिलं नाही."

पावती फाडली. रक्कम वीस.
तपशिलाच्या रकान्यात पेन थोडा वेळ थांबला,
मग लिहिलं : दुरुस्ती.
त्यांनी वाचलं, घडी घातली, पर्समध्ये टाकलं.
"आता काय वाचू?"

हल्ली कॉलेजची मुलं विचारतात,
काका, खेळाचं काही, खरं काही, सुचवा.
मी ते देतो.
प्रस्तावना सोडा म्हणतो, सगळे एकमेकांचे आभार मानतात तीत.
शाहण्णवपासून सुरू करा. समासातून.

वार्षिक तपासणीला समितीचे चिटणीस येतील,
खुणा पुसून घ्या म्हणतील,
दरवर्षी म्हणतात.
ड्रॉवरमधला खोडरबर
मी घरी नेऊन ठेवलाय.